सईच्या गप्पा आणि माझा कन्सोल

अगं, माझा शहाणपणा ऐक. आमची सई कॉम्प्युटरवर अनोळखी लोकांबरोबर गेम खेळते, या धास्तीने मी नुसता गेम खेळायचा कन्सोल आणला. हॉलमधल्या टीव्हीला जोडला, सासूबाईंच्या नजरेसमोर.

सई म्हणाली, "आई, माझा गेम यावर नाहीच. तसले यावर कमीच असतात."

"का गं?"

"आम्ही चाळीस जण एकत्र लढतो, सारखं टाइप करून बोलावं लागतं. इथे कीबोर्ड कुठाय? बटणं दाबून पडद्यावरचं एकेक अक्षर निवडेपर्यंत राक्षस सगळ्यांना खाऊन टाकेल."

"म्हणजे बोलणंच बंद? बरंच झालं!"

"मी काय बोलते, ते वाच तरी एकदा."

वाचलं. आदल्या संध्याकाळी तिने शेवटी लिहिलं होतं, "थांबा रे, आई दारात घुटमळतेय. तिला फार काळजी वाटते. जरा तिच्याजवळ बसून येते."