भांडी वाजतात तोवर

— अगो सुमन, बसचं राहू दे, आधी ऐक! आत्ता काय झालं ते ऐक — नाही गो, सुटत नाही, तो कंडक्टर अजून चहा फुंकतोय बघ — ये, इथं बांकावर बस, नदीकडे तोंड करून. नदीकडे! पलीकडे आता एक गंमत दिसणार आहे, ती चुकली तर मलाच बोल लावशील. तू इथं शिवोलीत आपल्या मावशीकडे जेवून घोरत पडलीस आणि मी तिकडे चोपड्याला काय केलं माहीत आहे? चोरी! खरंच. ह्या ओल्या फडक्यात काय आहे बघ — बोट लावू नकोस, डोळा मोडेल — फांदीचा डोळा गो, जिथून पान फुटतं तो. जास्वंदीची फांदी आहे. हस, हस. एका फांदीसाठी फेरीबोटीतून नदी ओलांडून गेले म्हणून हस. आई पण हसते. म्हणते, ह्या गॅलरीत एक दिवस मलाच कुंडीत उभी करशील.

पण मला सांग, जास्वंदीसारखं दुसरं आहे काय? तुम्हां लोकांना एकच ठाऊक — तांबडी, पाच पाकळ्यांची, गणपतीची दसणी. अगो, माझ्याकडे ती कातरलेली आहे, झुंबरासारखी खाली लोंबते, वारा आला की नुसती डुलते. पिवळी आहे, तिच्या पोटात कुंकू सांडल्यासारखा डाग. दुहेरी आहे, एवढी गच्च की फूल आहे की कुणी रागानं चुरगळलेला रुमाल तेच कळत नाही. ती मिरचीसारखी, जन्मभर उघडतच नाही, मिटलेलीच गळून पडते — ती मला आवडत नाही, का कोण जाणे, पण टाकवतही नाही. आणि डिचोलीहून आणलेली! तिची पानं खाणीच्या धुळीनं इतकी लाल होती की मी म्हटलं ही तांबडीच असणार, घरी आणून धुतली, आणि पहिलं फूल आलं ते दुधासारखं पांढरं. आणि सगळ्यांचं आयुष्य किती? एक दिवस. पाण्यात ठेव, नको ठेवू, संध्याकाळी मान टाकणार. मला तेच आवडतं गो. गुलाब कसा चार दिवस मिजाशीत बसतो — ही नाही बसत.

तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फुलकारीण म्हणाली, चोपड्याला धक्क्याच्या वर गंगामावशीकडे एक आहे, सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी, संध्याकाळी लाल. एकच फूल! मी म्हटलं, फेकतेय. आज सकाळी गेले, तर परसात झाड, माणसापेक्षा उंच, आणि त्याच्यावर पांढरी फुलं, गो, चांदण्यासारखी. मावशी नव्वारी नेसलेली, एवढीशी, भिंत धरून धरून चालते. मी नाव विचारलं झाडाचं. म्हणते, “सकाळचा नाव सांगू काय सांजेचा?” अशी आहे ती! स्वतःच एक फूल तोडून माझ्या केसात खोवलं आणि म्हणाली, “आता रव हंय, आणि बघ.” राहिले. पेज जेवले, वर सुक्या बांगड्याची किसमूर. दुपारी आरसा हातात दिला — फूल गुलाबी! माझ्याच केसात, मला न कळता. मी ओरडलेच. ती हसत हसत पायरीवर बसली, मग उठताना खांब धरला, म्हणाली, हल्ली उठलं की डोळ्यांपुढे काळोखी येते, काय नाय, पित्त असतलां. मुलगा शिवदास वास्कोला बंदरात, रविवारी येतो. येतो तेव्हा एकच म्हणतो, ही झाडं काढून इथं गाडी लावायला सिमेंट घालतो. आणि तिचं झाड आतून पोखरलंय गो, बुंध्याला भोकं पडलीत, तिला माहीत आहे. फांदी कितीजणांना दिली म्हणे, एकाकडेही लागली नाही.

का लागली नाही? हेच तर! म्हणाली, “मागान न्हेल्ला झाड लागणा नाय गो चेडवा. चोरून न्हेल्लाच लागता.” मी म्हटलं, मग मी चोरू? तर डोळे मिचकावते! म्हणाली, मी चुलीकडे जातंय. भांडी वाजयत रवतंय. भांडी वाजतत तवसर काप, थांबली काय पळ. येतंय म्हणा नको, आभाराचा देव बरें करूं म्हणा नको, मागे वळान बघा नको. मी हाक मारतलंय, कोण गो म्हणान — “चोर कधी ओ दिता काय?” आणि कोयती तुळशीच्या कट्ट्यावर विसरल्यासारखी ठेवून गेली आत. अगो, ह्या वयात! मला हसू आवरेना. आतून ठण, ठण, ठण — तांब्या, मग पातेलं, मग काय ते — एवढी भांडी एका म्हातारीकडे असतात कुठून? मी काप दिला, तिरका, गाठीच्या खाली. आणि आत एक मोठ्ठा आवाज झाला. कळशी पडल्यासारखा. आणि मग थांबलं सगळं. थांबली काय पळ — मी पळाले! ती हाक मारतेय, “चेडवा, गेलंस काय गो?” आणि मी तोंडावर हात धरून, हसत, उतारावरून फेरीकडे.

आणि गंमत अजून राहिलीच आहे. तिनं सांगितलंय, नदी ओलांडली की चोरी संपली, मग बघितलं तर चालतं. दिवेलागणीला ती तुळशीकडे पणती लावते, ती इथून, ह्या काठावरून दिसते. ती बघ, धक्क्याच्या डावीकडे, तो वाकडा माड दिसतो ना, त्याच्या खाली. आता लागेल. तिचा निरोप आहे तो मला — पोचलीस, बरं झालं.

— काय? केसात काय? काढू? — अगो! लाल झालं. बघ तरी, सकाळी दूध होतं हे. फेरीत चढले तेव्हासुद्धा गुलाबीच होतं, तो तिकीटवाला म्हणाला, पोरी, फूल झकास. एवढ्यात इतकं कसं लाल… संध्याकाळी होतंच म्हणा. होतंच ते.

लागेल आता. तिला हळूहळू चालावं लागतं ना. देवाकडे आधी लावत असेल, मग तुळशीकडे. त्या वरच्या घरात लागला बघ दिवा. आणि तो धक्क्यावरचा, दुकानातला. शेजारी? शेजारी कोण नाही आज, भिकाजीकडची सगळी लग्नाला गेलीत मालवणला, कुत्रा तेवढा बांधलेला. तो भुंकत होता मी निघाले तेव्हा. माझ्यावर नाही — घराकडे तोंड करून.

कसली हाक म्हणजे? सांगितलं ना, गेलंस काय गो. हसत. म्हणजे… हसत असणार, मला तोंड कुठं दिसत होतं. ठरलेलंच होतं ते, तीच म्हणाली, हाक मारतलंय. फक्त — ती “कोण गो” म्हणणार होती. तसं ठरलं होतं. कोण गो. चोराला माणूस कोण म्हणून विचारतो ना. ती “चेडवा” म्हणाली, पोरी म्हणून. आणि — हो गो, परत मारली. दोनदा. दुसऱ्यांदा नुसतंच “गो…” असं. बारीक. मी तोवर उताराच्या पायऱ्यांवर होते. म्हटलं काय नाटकी बाई आहे! आणि पाणी. उंबऱ्यावरून पाणी येत होतं बाहेर, अंगणात, शेणाच्या सारवणावरून, माझ्या चपलेपर्यंत. मी ओलांडलं ते. कळशी सांडली म्हटलं, हसले अजून — ही बाई चोराला पळवायला घरात पाणी ओतते!

तू अशी बघू नकोस माझ्याकडे.

मी आत डोकावले असते तर फांदी लागली नसती. तिला पाहिजे होती गो लागायला, माझ्यापेक्षा तिला! कुणाच्या तरी घरात राहू दे म्हणाली, रविवारी तो काय करील सांगता येत नाही. आता उलट गेले आणि ती चुलीकडे बसून शेंगदाणे भाजत असली, तर? म्हणेल, शहाणी! वळलीस ना? घालवलीस ना फांदी? आणि कदाचित वात सापडत नसेल. किंवा तेल. डावीकडे बघ ना तू, तुझी नजर चांगली आहे. वाकडा माड. त्याच्या खाली. काहीच नाही? नीट बघ. सगळ्या काठावर दिवे आहेत आणि तिथंच…

फेरीनं भोंगा दिला. भरतेय ती, जाणार आता पलीकडे. कंडक्टर पण ओरडतोय, म्हापसा, म्हापसा — थांब, मला सुचू दे. तू जा. तू बसमधून म्हापशावरून जा पणजीला. आणि ही धर. घट्ट नको, अशी, तान्ह्या मुलासारखी. घरी गेल्यागेल्या मातीत खोच, आईला सांग पाणी घाल म्हणून. फांदी मागं वळत नाही बघ, फांदी पुढंच चाललीय. मी वळतेय. मी एकटीच. फूल? फूल राहू दे माझ्याकडे, ते आता मिटेलच.

जा ना गो, उभी काय राहिलीस! एवढंच सांग मला आणि जा — ती म्हणाली होती ना, चोर कधी ओ देतो काय — तू असतीस त्या पायऱ्यांवर, हातात ही फांदी घेऊन, आणि मागून ती नुसतंच “गो” म्हणाली असती… तू दिली असतीस ओ?