खुर्चीवरचा प्रश्न

रोडेल : लुर्देस, फोनचं निमित्त काढून बैठकीतून बाहेर आलोय. हॉस्पिटलवाले विचारतायत, आमचा आरपीओ किती ठेवणार? पटकन सांग, काय असतं ते?

लुर्देस : अहो, तुम्ही त्यांना दिलेल्या प्रस्तावातच आहे ना. तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरांत.

रोडेल : जुन्या प्रस्तावातून उचललं गं! हे काम हातचं गेलं तर माझी सिंगापूरची बढती गेली.

लुर्देस : मग आपल्या मजल्याचा नियम आहे की. असल्या आद्याक्षरांचा अर्थ ठाऊक नसेल त्याने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांसमोर विचारायचं, वर चार वाजता सगळ्यांना पानसित नूडल्स खिलवायच्या. कुणी काढला हा नियम?

रोडेल : गंमत होती ती!

लुर्देस : मायलीनला नाही वाटली. नऊ दिवस झाले होते पोरीला नोकरीला लागून. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत, 'डीबी पुसून टाक.' तुमच्या मनात डेमो बॉक्स, सरावाचं मशीन. तिला वाटलं डेटाबेस, तिने तोच पुसला. गिऱ्हाइकाच्या सगळ्या नोंदी साफ!

रोडेल : विचारायचं होतं तिने.

लुर्देस : आदल्याच दिवशी एक विचारलं होतं. खुर्चीवर चढवलंत. 'जोरात, मागे ऐकू येत नाही' म्हणत तीनदा वदवून घेतलंत. सगळे खिदळले. मी मेलीसुद्धा हसले. परत कोण विचारेल? आणि वरच्यांना काय सांगितलंत? पोरीचा हलगर्जीपणा! नोकरी गेली तिची. स्वतःच्या चिठ्ठीचं नावसुद्धा काढलं नाहीत.

रोडेल : लुर्देसताई, हात जोडतो.

लुर्देस : आता ताई? सकाळी 'ए लुर्देस, कॉफी' होतं.

रोडेल : तिला परत घेतो. आईशप्पथ!

लुर्देस : त्यानंतर अख्ख्या सेबू शहरात कुणी दारात उभं केलं नाही तिला. दुबईत लोकांची पोरं सांभाळते ती. तिचं स्वतःचं इथे आजीकडे.

रोडेल : जाऊ दे, मी आत काहीतरी ठोकून देतो.

लुर्देस : ठोका ना. मी शेजारीच बसणार आहे. थाप मारलीत तर तिथल्या तिथे उघडी पाडेन.

रोडेल : सूड उगवतेयस तू.

लुर्देस : हो. दोन वर्षं याच दिवसाची वाट बघतेय. पाहुणे आहेत, म्हणून खुर्ची माफ. पण विचारायचं तुम्हीच. चला.

(बैठकीची खोली. दार लागतं.)

रोडेल : माफ करा... ते आरपीओ म्हणजे... नक्की काय असतं?

लुर्देस : जोरात, सर. मायलीन दुबईत आहे.