सोळा तासांचा उजेड

मुलगी : एकवीस? तीनशे लाव्ह्यांमागे एकवीस अंडी? मी गेले तेव्हा रोजची दोनशे चाळीस होती, बाबा.

वडील : दोनदा मोजली. पाखरंच ती, रुसली असतील. दहा दिवस तू नव्हतीस ना.

मुलगी : लाव्ही रुसत नाही. खाद्य बदललंत?

वडील : तुझ्याच पोत्यातलं घातलं.

मुलगी : पाणी?

वडील : अगं, उलटतपासणी घ्यायला आलीस का? खोली मिळाली का ते सांग आधी.

मुलगी : मिळाली. लहान आहे, पण खिडकी आहे. रविवारी निघते, सोमवारी प्रयोगशाळेत हजर व्हायचंय. बल्ब वेळेवर लागत होते ना? पहाटे पाच ते रात्री नऊ?

वडील : लाइटच जायची गं. संध्याकाळ झाली की गुल.

मुलगी : रोज?

वडील : रोज म्हणजे... बऱ्याचदा.

मुलगी : हा टायमर विजेवर फिरतो. वीज गेली की याचं घड्याळ तेवढंच मागे पडतं. आत्ता सव्वाचार झालेत, आणि हाही सव्वाचारच दाखवतोय.

वडील : मग चांगलंय की. टिकाऊ माल आणलास.

मुलगी : बाबा.

वडील : काय बाबा?

मुलगी : बल्बची पिन कोण काढत होतं?

वडील : मी. सहाला काढायचो, उजाडलं की लावायचो. सूर्य मावळला तरी बिचाऱ्यांना सुट्टी नाही, डोळ्याला डोळा लागू देत नाहीस तू. दया आली.

मुलगी : आठ महिने नाही आली ती?

वडील : दयेला काय मुहूर्त लागतो, शास्त्रज्ञबाई?

मुलगी : सोळा तासांचा उजेड एकदम बारावर आणला की अंडी बंद होतात. तो परत हळूहळू वाढवायचा, आठवड्याला अर्धा-पाऊण तास. म्हणजे सहा आठवडे गेले. हे माहीत होतं तुम्हाला?

वडील : मला अडाण्याला काय माहीत!

मुलगी : पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तुम्ही खडूने लिहून ठेवलंत. तुमच्या डोक्यामागेच आहे भिंतीवर.

वडील : पुसायला हवं होतं.

मुलगी : का केलंत?

(वडील बल्बवरची धूळ शर्टाच्या टोकाने पुसत राहतात.)

वडील : दादा जाताना काय म्हणाला होता? सहा महिन्यांत येतो. चार वर्षं झाली.

मुलगी : मी दादा नाही.

वडील : तो तर तुझ्याहून गुणी होता.

मुलगी : म्हणजे मी गेले की पुन्हा पिन काढाल.

वडील : नाही काढणार. जा तू. मी करतो सगळं.

मुलगी : केलंतच की. अंडी घेणाऱ्या हॉटेलवाल्याला हातापाया पडून दीड महिना थांबवेन. तो दुसरीकडे वळला, तर या तीनशे जणींना काय घालाल? आणि तुम्ही काय खाल? सरका. आज साडेबारा तास करते.

वडील : आणि सोमवार?

मुलगी : फोन करते. एकदा पुढे ढकललंय, आता कारण विचारतील. जागा ठेवतील की नाही, कुणास ठाऊक.

वडील : काय कारण सांगशील?

मुलगी : वडील आजारी आहेत.

वडील : मी कुठे आजारी आहे?

मुलगी : मग दुसरं काय सांगू, बाबा?