वीस वाव खाली

दामारिस : आणि हे मला दुकानात कळावं, भावोजी. मीठ घ्यायला गेले, तर विल्मरची बायको विचारते, तुझा दीर उद्या शेवंडांच्या बोटीवर निघालाय, त्याची पिशवी कोण भरतंय. मी म्हटलं, माझा दीर आठ वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे, तो कुठे निघतोय. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी एकटीच मूर्ख.

रेनेल : संध्याकाळी एर्लिन आला की सांगणार होतो.

दामारिस : एर्लिनला माहीत आहे?

रेनेल : त्यानेच तर मला पहिल्यांदा विचारलं.

दामारिस : वा. माझाच नवरा.

रेनेल : तू नाही म्हणशील हे त्याला माहीत होतं. बसा हो बाई. त्या युलिसाला खाली ठेवा, पोरीला धरून हात भरून येईल.

दामारिस : बाई म्हणून लाडीगोडी लावू नका. बाई शनिवारच्या वर्गात. आत्ता मी तुमच्या धाकट्या भावाची बायको आहे, आणि आईंना शब्द दिलाय की यांना पुन्हा समुद्रावर जाऊ देणार नाही.

रेनेल : पाण्यात कोण उतरतंय? मी डेकवर बसणार. कप्तान एबँक्स स्वतः आला होता मंगळवारी, तू शाळेत होतीस. म्हणाला, गेल्या हंगामात दोन गडी लुळे पडलेले परत आणले. आता उरलेले म्हणतात, रेनेल बोटीवर असेल तरच आम्ही खाली उतरू. कोण किती खोल गेला, किती मिनिटं राहिला, वर येताना कुठे थांबला, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. कप्तान म्हणाला, मला बोट हाकता येते, हे असलं मला जमायचं नाही.

दामारिस : आणि तुम्हाला जमतं.

रेनेल : मी पाण्यात होतो तोवर मला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मग खाटेवर पडून रेडिओवरचे धडे ऐकायला लागलो, ते काही हुशारी म्हणून नाही. दुपार सरत नव्हती. मग तू लग्न करून आलीस, ला सेइबा शहरातल्या कॉलेजात शिकलेली. तिसऱ्या दिवशी माझी वही उघडून म्हणालीस, भावोजी, भागाकार सगळे चुकलेत.

दामारिस : चुकलेच होते.

रेनेल : आणि पुढे तुझ्या शनिवारच्या वर्गात बसून नववी पास झालो.

दामारिस : झालात, म्हणून तर शनिवारच्या वर्गाला तुमचं नाव घातलं मी. मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायला. सावलीत, घराच्या हाकेवर. तेव्हा हो म्हणालात.

रेनेल : अजूनही हो. बोट बारा दिवसांनी परत येते. मधले शनिवार माझे.

दामारिस : बारा दिवस. कमरेची जखम भरायला तीन महिने लागले होते, विसरलात? मी धुवत होते रोज. लघवीची नळी कोण बदलणार तिथे? खारं पाणी, लाकडी फळ्या, एका डेकवर तीस माणसं. तुम्हाला कमरेखाली काही टोचतंय हे कळतसुद्धा नाही.

रेनेल : म्हणून तर घड्याळ लावतो. दर दोन तासांनी हातांवर अंग उचलायचं, ते तू झोपलेली असतानाही करतो. नळ्या मोजून वेगळ्या बांधल्यात. नर्सला दाखवल्या. एर्लिन खुर्ची कप्तानाच्या खोलीच्या भिंतीला बांधणार आहे.

दामारिस : सगळं ठरलंय म्हणजे. मला फक्त पिशवी भरायची.

रेनेल : तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय जाणार नव्हतो. खोटं नाही बोलत.

दामारिस : आणि आईंना काय सांगणार? पाण्यातल्या बाईने तुझे पाय ठेवून घेतलेत, पुन्हा गेलास तर बाकीचाही ठेवून घेईल, हे त्या रोज जेवताना म्हणतात.

रेनेल : मीही तेच म्हणायचो. आपण जास्त शेवंडं काढली, तिला राग आला, तिने धरलं. मी पडलो तेव्हा आईने चार महिने औषधवाल्याकडे ठेवलं. धूर, मुळ्या, पाण्याची माफी मागायची. आईचा दोष नाही, गावातला प्रत्येक जण तेच करायचा. शहरातल्या डॉक्टरकडे पोचलो तेव्हा तो म्हणाला, भाऊ, तुम्ही फार वेळ खाली राहिलात आणि भराभर वर आलात, रक्तात हवेचे बुडबुडे झाले. लगेच आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. एवढंच म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दामारिस : हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.

रेनेल : भागाकारात कुठे आलं ते.

दामारिस : वही द्या.

रेनेल : परीक्षा घेतेस?

दामारिस : माझा नवरा या वहीच्या भरवशावर खाली जाणार आहे. घेणार. हे काय आहे, पहिल्या पानावर?

रेनेल : वीस वाव खोलीचं पान. कप्तान शिसं बांधलेली दोरी सोडतो, तिला दर वावेला गाठ असते. वीस गाठी गेल्या की वीस वाव. एक वाव म्हणजे एक मीटर सदुसष्ट. वीसने गुणलं की तेहतीस मीटर आणि वर थोडं. हा शहरातल्या त्या डॉक्टरांच्या माणसाने दिलेला तक्ता, किती खोल गेलं तर किती मिनिटं राहायचं याचा. यात तेहतीसची ओळ आहे, मग छत्तीसची. वरचं थोडं असलं तरी पुढची ओळ धरायची. म्हणून छत्तीस. खाली पंधरा मिनिटं, जास्त नाही.

दामारिस : गुणाकार बरोबर आहे. पुढची ओळ धरलीत तेही बरोबर.

रेनेल : बाराही पानं तशीच केलीत. दोनदा तपासलीत.

दामारिस : हे सदुसष्ट कुठून आणलं?

रेनेल : तुझ्याच पुस्तकातून. जुन्या स्पॅनिश मापांचा धडा. माणसाने दोन्ही हात पसरले की एक वाव.

दामारिस : कुठल्या माणसाने?

रेनेल : म्हणजे?

दामारिस : गेल्या आठवड्यात कप्तान धक्क्यावर नव्या दोरीला गाठी मारत होता. मी युलिसाला घेऊन होडीची वाट बघत होते. तो हात पसरत होता आणि गाठ मारत होता. हात पसरत होता आणि गाठ मारत होता. भावोजी, तो माणूस आपल्या दारातून वाकून आत येतो.

रेनेल : त्याच्या जुन्या दोरीचा तुकडा आहे माझ्याकडे, सरावाला दिलेला. पाच गाठी. खुर्चीमागे अडकवलाय बघ.

(दामारिस शाळेची लांब मोजफीत आणून दोरी पडवीच्या फळ्यांवर ताणते. रेनेल दुसरं टोक धरून ठेवतो.)

दामारिस : नऊ मीटर पंचवीस.

रेनेल : आठ पस्तीस यायला हवं.

दामारिस : घट्ट धरा. पुन्हा बघते. नऊ पंचवीस.

रेनेल : पाचने भागलं तर एक पंचाऐंशी. त्याच्या वीस वाव म्हणजे सदतीस मीटर. छत्तीसच्या ओळीत बसत नाही. एकोणचाळीसची धरायला लागेल.

दामारिस : मिनिटं किती त्या ओळीत?

रेनेल : दहा.

दामारिस : आणि वहीत पंधरा लिहिलीत.

रेनेल : हो.

दामारिस : धडा मी घेतला होता. फळ्यावर मीच लिहिलं होतं, एक वाव बरोबर एक मीटर सदुसष्ट. परीक्षेत येतं म्हणून पाठ करून घेतलं. इथे प्रत्येक कप्तान आपल्या हाताने दोरी गाठतो, हे या गावात राहून मला दिसत होतं.

रेनेल : मी तर त्याच दोऱ्यांवर दहा वर्षं काढली. माझ्याही डोक्यात आलं नाही. मी पडलो त्या दिवशी आमचा तेव्हाचा कप्तान अठरा वाव म्हणाला होता. आम्ही अठरा धरून चाललो. कुणाच्या अठरा, असं विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

दामारिस : म्हणूनच म्हणते, नका जाऊ. एक चूक सापडली. दुसरी नसेल कशावरून?

रेनेल : असेलही.

दामारिस : मग?

रेनेल : मी घरी राहिलो तरी बोट उद्या सुटणार. एर्लिन जाणार, विल्मर जाणार. दिवसाला हवेच्या दहा-दहा बारा-बारा टाक्या संपवणार. तिथे पंधरा मिनिटं मोजणारासुद्धा कुणी नसेल. दहाचं तर सोडच.

दामारिस : पाण्यात उतरणंच सोडून द्या, असं तुम्ही का नाही सांगत त्यांना?

रेनेल : सांगितलं. एर्लिन म्हणाला, ठीक आहे, दुसरं काम दाखव. तुला दिसत असेल तर तू दाखव त्याला.

दामारिस : मी रोज रात्री त्याला हेच विचारते, की दुसरं काय करता येईल. आणि रोज दोघंही झोपून जातो.

रेनेल : पाणी पी जरा.

दामारिस : नको. पेन द्या. बाराही पानं पुन्हा करायची. तुम्ही गुणा, मी तपासते. आणि एक पंचाऐंशी जुन्या दोरीचं झालं. नवी दोरी वेगळी निघेल. उद्या बोट सुटायच्या आधी मी धक्क्यावर येते, कप्तानाला ती अख्खी पसरायला लावते.

रेनेल : चिडेल तो.

दामारिस : चिडू दे. मोजफीत शाळेची आहे, ती तुम्ही बोटीवर घेऊन जा. मुख्याध्यापिकेला मी बघते. ओली दोरी ताणली जाते, तीन दिवसांनी परत मोजायची. लिहून ठेवा हे.

रेनेल : लिहिलं. आणि आईला?

दामारिस : सांगते मी.

रेनेल : काय सांगशील?

दामारिस : सांगेन की त्यांच्या दोन मुलांत मोजता येणारा एकच आहे. रडतील. मग तुमच्यासाठी केळ्याचं काहीतरी भाजून बांधून देतील. पण भावोजी, एक मला नीट सांगा. एर्लिनची मिनिटं संपली. शेवंडांची पिशवी निम्मी रिकामी. शेजारचा कुणी तरी भरून आलाय. आणि तो म्हणाला, एकदा, फक्त एकदा आणखी जातो.

रेनेल : तर मी नाही म्हणणार.

दामारिस : तुमचं ऐकत नाही तो. लहानपणापासून नाही.

रेनेल : टाक्यांच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात असेल. या अटीवरच कप्तानाला हो म्हटलंय.

दामारिस : सगळ्यांसमोर शिव्या देईल तुम्हाला. त्याची जीभ मला माहीत आहे.

रेनेल : देऊ दे. दोन्ही पायांवर उभा राहून देईल.