तिसऱ्यांदा

सोनकच्छच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजातली दोघं फासे टाकून एकेक पात्र व्हायच्या त्यांच्या खेळावरून भांडत होती.

"कुशल, सैतानाचा लाडू खाल्लास आणि तुझ्या वीराचा आत्मा गेला!"

"सैतान तूच झाली होतीस ना, उर्वी? राज्य देत होतीस, मी साफ नाही म्हणालो. सोनं दिलंस, तरी नाही."

"मग लाडवाला कसा भुललास?"

"लाडूसुद्धा दोनदा नको म्हणालो! तिसऱ्यांदा आग्रह झाला की अपने यहां कोण नाही म्हणतं, यार?"

"बरं, सोड. आईनं चकल्या दिल्यात, घे."

"नको गं."

"घे रे, ताज्या आहेत."

"अगं, नको, खरंच नको."

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"उर्वी, अजून एकदा विचार ना!"