पांढऱ्या घळीकडच्या लाल चिंध्या

आधी हे लिहा. सकाळी आठपासून मला ठाण्याबाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवले. आत माझा मुलगा खोकतो ते भिंतीतून ऐकू येते. त्याचे लोकरी मोजे मी घेऊन आले, तर दारावरचा शिपाई म्हणतो, "आपा, मोज्यांना परवानगी लागते." माणसाला आत टाकायला लागली नाही, मोज्यांना लागते. हे कागदावर आल्याशिवाय मी नाव सांगणार नाही, असे म्हटले. आले. आता नाव घ्या.

नाव सायराकान अब्दिलदायेवा. वय एकाहत्तर, पासपोर्टात एकोणसत्तर आहे, ती कारकुनाची चूक. शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. धंदा घरकाम, तीन गायी, शिवाय डोंगरात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खाटा. राहणार चोंग-तेरेक, वरची आळी, जंगलचौकीच्या अलीकडचे निळ्या खिडक्यांचे घर.

मी समक्ष हजर राहून सांगते ते असे.

आमच्या गावावरून जंगलातून मेंढपाळांच्या झोपडीपर्यंत नऊ किलोमीटरची वाट आहे. उन्हाळ्यात लोक पायी जातात, हिवाळ्यात बर्फात न रुतणारे जाळीचे जोडे किंवा स्की घालून जातात. तिसऱ्या किलोमीटरला जुने आर्चाचे झाड आहे, बाया त्याला नवसाच्या चिंध्या बांधतात. तिथे वाट फुटते. डावीकडे झोपडी. उजवीकडे आक-जार, म्हणजे पांढरी घळ. उन्हाळ्यात तिथे मेंढ्या चरतात. हिवाळ्यात गावातले कोणी जात नाही, कारण वरचे बर्फ केव्हा सुटेल ते सांगता येत नाही.

माझा थोरला मुलगा मेदेर तीन हिवाळ्यांपूर्वी आक-जारमध्ये गेला. घोडी शोधायला गेला होता. घोडी आपली आपण घरी आली. तो मे महिन्यात सापडला.

त्या उन्हाळ्यापासून आर्चापासून घळीपर्यंत वाटेवरच्या झाडांना मी चिंध्या बांधते. त्याच्या रजईचे लाल साटीन फाडून केल्या. एका झाडाला एक, एकूण एकवीस. फाटली की त्या जागी नवी. रांगेत का बांधल्या असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. वाट दिसावी म्हणून. कोणाला, असे विचारले. ते लिहायची गरज नाही.

बांधलेली चिंधी आमच्यात कोणी दुसरा सोडत नाही. सोडणाऱ्याच्या घरी ते दुःख जाते. बांधणाऱ्याने सोडावी, नाहीतर वाऱ्यापावसाने कुजून गळावी. साहेब शहरातले असले तरी त्यांची आई आमच्याच खोऱ्यातली आहे, त्यांना हे ठाऊक आहे.

वाटेच्या खुणा पूर्वी पिवळ्या पत्र्याच्या होत्या. झाडांना खिळे ठोकायचे नाहीत असे जंगलखात्याने सांगितल्यावर गेल्या नोव्हेंबरात वाट-समितीचे अध्यक्ष सादिरबेक ओरोझोव यांनी लाल साटिनाचा तागा आणला. शाळेत बैठक झाली. मी सगळ्यांसमोर बोलले, "लाल नको. पिवळं आण, निळं आण, तुझ्या बायकोचा परकर फाडून आण, पण लाल नको." लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "आपा, बर्फात लालच उठून दिसतं. आणि हिवाळ्यात आक-जारकडे जातंय कोण?"

मी म्हटले, "तू ज्यांना बोलावतोस ते."

चहा आला. ठराव झाला. खरे तर आमच्यापैकी कोणालाच ही चिंधी आणि ती खूण एक वाटत नाही. लहान पोरालासुद्धा कळते. म्हणून पुढे कोणी विचार केला नाही. मीही नाही.

माझा धाकटा मुलगा एर्मेक, वय चौतीस, वाटाड्याचे काम करतो. नऊ किलोमीटरची कापडे त्यानेच तीन दिवसांत बांधली. पाहुण्यांबरोबर बहुधा तोच असतो, त्यामुळे तीन महिने काही झाले नाही.

बारा फेब्रुवारीला तो संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "आई, काल दोन माणसं एकटीच वर गेली होती. आर्चापाशी दोन्हीकडे लाल दिसतं म्हणून घाबरून परत आली. तुझ्या सोडाव्या लागतील."

"मग सोड."

"मी? मेदेरदादाच्या? माझा हात चालायचा नाही. बांधणाऱ्याने सोडाव्यात, हे तूच शिकवलंस."

"शिकवलेलं बरं वेळेवर आठवतं तुला. उद्या जाते."

तेरा तारखेला सकाळी नऊला मी काठी आणि कात्री घेऊन निघाले. साडेअकराला आर्चापाशी पोचले. बर्फ गुडघ्यापर्यंत होते. वारा नव्हता. एक वाजता परत फिरले. मधला दीड तास काय केले असे साहेबांनी विचारले. उभी होते. कात्री खिशात होती. ती बाहेर काढली नाही.

तीन वाजता घरी आले. एर्मेक सरपण रचत होता. "सोडल्यास?" म्हणाला.

"सोडल्या."

"सगळ्या?"

"एकवीसच्या एकवीस. हात धू आणि जेव."

तो जेवला. मग समितीच्या वहीत 'खुणा तपासल्या, वाट ठीक' असे लिहून त्याने सही केली. त्या सहीसाठी तुम्ही त्याला धरले आहे. वर जाऊन न बघता सही केली, हा त्याचा गुन्हा. चौतीस वर्षांत आईचे बोलणे त्याने एकदाही तपासून पाहिलेले नाही, हेही लिहा. हा गुन्हा आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

चौदा तारखेला अल्मातीहून दोन मुली माझ्याकडे उतरल्या. क्सेनिया, वय सव्वीस, आणि तिची मैत्रीण वेरा. त्या रात्री बर्फ पडले. पंधरा तारखेला, गुरुवारी, सकाळी सातला मी त्यांना पाव, साय, जर्दाळूचा मुरंबा आणि कणकेची तळलेली बोरसोक दिली. क्सेनिया म्हणाली, "आपा, एवढं खाऊन मी चढू कशी?"

"गायसुद्धा खाऊनच चढते."

"गायीला फोटो काढायचे नसतात ना!"

"म्हणूनच ती पोचते."

ती तोंडावर हात धरून हसली. आणखी दोन बोरसोक रुमालात बांधून घेतली.

एर्मेकला त्या दिवशी सहा जणांना पलीकडच्या उतारावर स्कीसाठी न्यायचे होते. जाताना तो उंबऱ्यात उभा राहून या दोघींना म्हणाला, "लाल कापड सोडू नका. जिथे लाल, तिथे वाट." मी चहा ओतत होते. मी ऐकले. मी काही बोलले नाही. हे दोनदा लिहा. मी ऐकले आणि मी काही बोलले नाही.

का, असे साहेबांनी विचारले. वाटले, आधीच्या लोकांनी मळलेल्या वाटेवरून त्या आपोआप डावीकडे जातील. रात्रीच्या बर्फाने मळलेली वाट बुजते हे मला ठाऊक नव्हते का, असे विचारले. ठाऊक होते. पहाटे अंगणातले बर्फ मीच लोटले होते. मुलासमोर खोटी पडेन, एवढेच तेव्हा डोक्यात होते.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी वेरा एकटी परत आली. एका पायात जाळीचा जोडा नव्हता. जोड्याचा पट्टा तुटला म्हणून ती मागे बसली, क्सेनिया पुढे गेली, मग वरून बर्फ आले, असे तिने सांगितले. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आम्ही लाल कापड सोडलं नाही, आपा. एकही सोडलं नाही."

एर्मेक आणि गावातले अकरा जण अंधार पडेपर्यंत खणत होते. मुलगी शुक्रवारी सकाळी दहाला सापडली. रुमाल तिच्या खिशात तसाच होता.

एर्मेकने गुरुवारीच आर्चापाशी माझ्या चिंध्या पाहिल्या. मला कोणी सांगितले नाही, पण त्या वाटेनेच तो वर गेला, तेव्हा पाहिल्याच. रात्री तो घरी आला. त्याच्यापुढे ठेवलेला चहा सकाळी मी ओतून टाकला. तुमचे लोक आले तेव्हा तो म्हणाला, "चूक माझी." माझे नाव घेतले नाही. म्हणून मी आले आहे.

शुक्रवारी मुलीला खाली नेल्यावर मी वर गेले आणि एकवीस चिंध्या कापल्या. त्या या पिशवीत आहेत. पंचनाम्यात घ्या. मोजून घ्या. आता हात कसा चालला, असे साहेबांनी विचारले. चालला.

साहेब मध्येच पेन खाली ठेवून म्हणाले, "आपा, नीट विचार करा. हे असं लिहिलं तर तुमच्यावर येतं."

"मग बाळा, मी काय इथे तुझी तब्येत विचारायला आले?"

अध्यक्षांबद्दल विचारले. त्यांनी लाल आणले, मी नको म्हटले, हे खरे आहे. पण ते मला ढाल म्हणून वापरायचे नाही. त्यांचे त्यांना विचारा. सुनेला यातले काही माहीत नव्हते, ती माहेरी होती.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी साहेबांनी 'वयोमानामुळे चिंध्या सोडायचे विसरून गेले' असे घातले होते, ते खोडायला लावले. मी विसरले नव्हते. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. कोणी धाक दाखवला नाही. अंगठा नको, मला सही येते.

क्सेनियाची आई उद्या दुपारी अल्मातीहून पोचते असे आत्ता कळले. एर्मेकला तिच्यापुढे उभे करायचे नाही. अध्यक्षांना बोलू द्यायचे नाही. तुम्ही कागद वाचून दाखवायचा नाही. तिला माझ्याकडे पाठवा. ती जे विचारेल त्याचे उत्तर मी द्यायचे आहे.