गिरकीची जागा

सात रस्त्याजवळच्या हाडांच्या दवाखान्यात मुकुंद सर कंबर धरून बसले होते. शेजारी पटकेवाले धुळाआप्पा आणि त्यांची कॉलेजातली पुतणी प्रियदर्शनी. सरांनी पेपर तोंडासमोर धरला होता खरा, पण कान शेजारीच होते.

"पोरी, काल गॅदरिंगला तुज्या त्या बटणांच्या डब्यात माजाच ढोल वाजत हुता न्हवं?"

"तुमचाच की आप्पा. माळावर रेकॉर्ड करून सॅम्पलरमधी भरला. एकेका बटणावर एकेक आवाज."

"आन् मदीच समदं गप झालं, ते?"

"ते मीच केलं. बाकीचे आवाज एकेक करून बंद केले. शेवटी तुमचा ढोल एकटाच ठेवला."

"लई झ्याक! काटाच आला अंगावर. पर एक ठोका मागं पडतोय बग माजा."

"दर फेरीला पडतो. मापात बसवायचं बटण हाय की. मी दाबलंच न्हाय."

"का गं? माजी चूक लोकांफुडं वाजवायची व्हय?"

"चूक कुटली? तितं तुमी गिरकी घेता. पाय भुईला टेकल्याबिगर तुमचा ठोका पडत न्हाय."

"तुला ठावं हुतं?"

"ल्हानपनापासनं बघतीया की."

आप्पांची बोटं काठीवर ठेका धरू लागली. मग डॉक्टरांनीच दार उघडलं.

"काय धुळाआप्पा, गुडघा बरा होत आला होता की! एका रात्रीत एवढा कसा सुजला?"

आप्पा काठी टेकत उठले.

"पोरीनं गिरकीला जागा ठेवली हुती, डॉक्टर. मोकळी कशी सोडू?"